गॅलरीचं माप

शिकवायला आलेल्या मुलीने भिंतीच्या मापावर दोनदा टिचकी मारली, तीन हजार खोडून चार हजार लिहिलं, आणि पडद्यावरची भिंत चक्क सरकली. नुसती भिंतच नाही. तिच्यातली खिडकी सरकली, वरचं छप्पर लांबलं, शेजारच्या चौकटीतला नकाशा आपोआप बदलला, आणि कोपऱ्यात विटांची संख्या लिहिलेली होती तीही वाढली. ऑफिसातले सगळे एकदम "अरे वा!" म्हणाले. एकटे पट्टीकाका त्या बदललेल्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातातला चहा कधीच निवला होता.

"म्हणजे आता आम्ही घरी बसायला मोकळे," पुढच्या खुर्चीवरचा इंजिनियर म्हणाला.

"इथे बसून तरी कुठे भिंती हलवत होतास?" मॅडम म्हणाल्या, आणि हशा पिकला.

हे ऑफिस इमारतींचे सांगाडे ठरवणाऱ्यांचं. खांब किती जाड, स्लॅबमध्ये सळ्या किती, हे इथून ठरायचं. मोठे साहेब गेल्यावर त्यांची मुलगी सगळं बघायला लागली आणि सगळ्यांची मॅडम झाली. पट्टीकाका इथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. शर्टाच्या खिशात अजून मापाची तिकोनी पट्टी घेऊन फिरायचे म्हणून हे नाव पडलं होतं, आणि त्यांनाही ते आता खऱ्या नावापेक्षा जवळचं वाटायचं. ड्रॉइंगचा नवा प्रोग्राम शिकवायला कंपनीने ही मुलगी आठवडाभरासाठी पाठवली होती. ती बोलायची भराभर, पण कुणी अडलं तर चिडायची नाही, त्यामुळे पहिल्या तासाभरातच सगळ्यांना आवडून गेली.

"जुन्यात काय व्हायचं," ती सांगत होती, "रेघ काढली की प्रोग्राम तिचं माप लिहायचा. पण तुम्ही तो आकडा पुसून दुसरा टाइप करू शकत होता. रेघ दोन मीटरची, वर लिहिलंय अडीच. कोण विचारणार?"

"आम्ही नाही हो असलं काही करत," इंजिनियर म्हणाला, आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून हसायला लागला. कारण सगळ्यांनीच केलं होतं.

"ठीक आहे, मी कुणाला सांगणार नाही," मुलगीही हसली. "पण हा सांगेल. तुमची अकराशे जुनी ड्रॉइंगं आपण यात आणतोय. रेघ आणि आकडा जिथे जुळत नाही त्याची हा यादी काढेल, काढणाऱ्याच्या नावासकट. शुक्रवारी यादी तयार."

काका कप खाली ठेवायला वाकले, आणि न ठेवताच तो मांडीवर धरून बसले.

यंत्राची भीती म्हणाल तर ती त्यांना कधीच नव्हती. ते लागले तेव्हा ड्रॉइंग म्हणजे तिरपा बोर्ड, ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन. रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची, आणि कागद फाटला की दिवसभराची मेहनत पाण्यात. मग पहिला कॉम्प्युटर आला. काळा पडदा, प्रत्येक रेघ टाइप करून मागायची. नंतर माउस आला, रंग आले. काचेवर काच ठेवावी तसे थर आले, भिंती एका थरावर, सळ्या दुसऱ्यावर, नको तो झाकून टाकायचा. एकदा काढलेला दरवाजा शंभर ठिकाणी चिकटवता यायला लागला. मग इमारत उभी करून सगळ्या बाजूंनी फिरवून बघता यायला लागली. दर दोन-चार वर्षांनी काहीतरी नवं यायचं आणि काका आधी कुरकुर करायचे, मग मान मोडून शिकायचे, आणि महिन्याभरात तरण्या पोरांना शिकवायचे. पण आकडा पुसून दुसरा लिहायची ती पळवाट प्रत्येक आवृत्तीत शाबूत राहिली होती. आता कुणीतरी ती बुजवली होती.

आणि अकराशे ड्रॉइंगांमध्ये एक काकांचं होतं. सार्वजनिक वाचनालयाची गॅलरी.

त्याला सोळा वर्षं झाली. वाचनालयाच्या मोठ्या दालनात भिंतीतून बाहेर आलेली, खालून एकाही खांबाचा आधार नसलेली अशी लांबलचक गॅलरी होती. मोठ्या साहेबांनी ती दीड मीटर, म्हणजे पंधराशे मिलिमीटर, बाहेर धरून सळ्यांचा हिशेब केला, काकांनी ड्रॉइंग केलं, सळ्यांचं कोष्टक टाइप केलं. दुपारी प्रिंट निघणार तेवढ्यात आर्किटेक्टचा फोन आला. पुस्तकांची कपाटं मावत नाहीत, गॅलरी अठराशे करा. साहेब बाहेरगावी. खाली साइटवरचा माणूस प्रिंट न्यायला येऊन उभा. रेघ लांबवायची म्हटलं तर सेक्शन, म्हणजे उभा छेद, बदलायचा, कठडा सरकवायचा, तास-दीड तासाचं काम. काकांनी पंधराशे पुसून अठराशे लिहिलं. साहेब आले की सांगू, सळ्या ते वाढवून देतील, आपण सुधारलेली प्रिंट पाठवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरंच एक काम अंगावर येऊन पडलं आणि गॅलरी डोक्यातून साफ गेली. एवढंच झालं होतं. त्यात ना कुणाचं काही खाल्लं होतं, ना कुणाचं वाईट चिंतलं होतं.

प्रत्येक ड्रॉइंगवर एक टीप असते, रेघ मोजू नये, लिहिलेलं माप धरावं. साइटवर तसंच झालं. गॅलरी अठराशे बांधली गेली आणि सळ्या पडल्या पंधराशेच्या. काकांना ते कळलं दोन वर्षांनी, दुसऱ्या कामासाठी त्या ड्रॉइंगमधली गॅलरी तशीच उचलून घेताना. रेघ मोजली तर पंधराशे. सळ्या फूटभर आखूड. कामगारांनी त्या कडेपर्यंत पुरवण्यासाठी पुढे ओढल्या असतील, तर भिंतीत आत किती उरल्या? साहेब तेव्हा इस्पितळात होते, तिथून ते परत आले नाहीत. काकांनी स्वतःची समजूत घातली, दोन वर्षं उभी आहे ना, मग राहील. आणि तोंड मिटून घेतलं, ते चौदा वर्षं.

गेली पाच वर्षं त्याच वाचनालयात त्यांची लेक नोकरीला होती.

सोमवारी संध्याकाळी लेक घरी आली ती गुणगुणतच.

"बाबा, मागच्या वेळची दोन्ही पुस्तकं परत करायची राहिलीत हं. दंड लावीन."

"देतो."

"आई, हे वाचतात तरी का गं? दर आठवड्याला येतात, दाराजवळच्या त्याच खुर्चीवर बसतात, वर बघत बसतात. काल आमचा शिपाई विचारत होता, ताई, तुमचे बाबा कवी आहेत का?"

काकांची बायको पोट धरून हसली. "कवी! अहो, ऐकलंत का? लग्नाला इतकी वर्षं झाली, एक ओळ नाही लिहिलीत माझ्यावर."

काकाही हसल्यासारखं करत होते. वर बघताना ते काय बघतात, हे कुणाला कसं सांगणार? गॅलरीची कड आणि तिच्यामागच्या खिडक्यांची कड एका रेषेत दिसते का, ते बघायचे. एखाद्या आठवड्यात वाटायचं, खाली आलीय. पुढच्या आठवड्यात वाटायचं, आहे तिथेच आहे. त्या पाच वर्षांत ते एकदाही गॅलरीच्या खाली बसले नव्हते, आणि वर तर चढलेच नव्हते.

"बरं, शनिवारी मला उशीर होईल," लेक म्हणाली. "तळघरात ओल आलीय. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सगळे वर हलवायचेत."

"वर कुठे?" काकांनी विचारलं.

"गॅलरीत. दुसरीकडे जागा कुठे आहे? शे-दीडशे गठ्ठे असतील. एकेक उचलायला दोन माणसं लागतात."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "तिथे नका ठेवू," ते म्हणाले.

"का?"

"नाही म्हणजे... धूळ होईल. दिसायलाही बरं नाही."

"बाबा, ते वाचनालय आहे. तिथे कागद नाही ठेवायचे तर काय ठेवायचं?" ती आईकडे बघून डोळे मिचकावत म्हणाली. काकांनी पाणी प्यायलं आणि विषय तिथेच पडला.

मंगळवार गेला. जुनी ड्रॉइंगं शंभर-शंभरच्या टप्प्याने नव्या प्रोग्राममध्ये जात होती. पडद्याच्या तळाशी एक हिरवी पट्टी सरकायची आणि किती झाली ते दिसायचं. काका पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचे, त्या पट्टीकडे बघायचे, परत येऊन बसायचे. इतक्या वेळा उठले की इंजिनियर म्हणाला, "काका, डॉक्टरला दाखवा एकदा. साखर असेल."

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी जुन्या प्रोग्राममध्ये गॅलरीचं ड्रॉइंग उघडलं. अजून ते तिकडे गेलं नव्हतं. अठराशे लिहिलेलं. रेघेवर टिचकी मारली. पंधराशे. त्यांच्या मनात आलं, आता तर वेळच वेळ आहे. कडेची रेघ पकडून तीनशे पुढे ओढली की झालं. रेघ आणि आकडा जुळले की यादीत नाव नाही, आणि यादीत नाव नाही म्हणजे कुणाला काही कळणार नाही. तीस-तेहतीस वर्षं ज्या ऑफिसात मान वर करून वावरलो, तिथून तशीच मान वर ठेवून निवृत्त होता येईल. त्यांनी कडेभोवती चौकट टाकली, रेघ निळी झाली. बोट माउसवर तसंच राहिलं.

शेवटी त्यांनी माउस सोडून दिला. फार मोठा विचार केला, अशातला भाग नाही. रेघ ओढली तर आपण मुद्दाम ओढली असं होईल, आणि ते ओझं पहिल्याहून जड होईल, इतकंच त्यांना कळलं. आणि दुसरं एक सुचलं, त्याने त्यांना सोमवारपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं. शुक्रवारी यादी येणारच आहे. ती मॅडमच्या हातात जाईल. मॅडम विचारतील, काका, हे काय? मग आपण फक्त हो म्हणायचं. चौदा वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते यादीच बोलेल. आणि गठ्ठे हलवायचे शनिवारी, त्याच्या आत सगळं थांबेल. त्यांनी ड्रॉइंग काही न बदलता बंद केलं.

गुरुवारी ते इतके शांत होते की मॅडमनी विचारलं, "बरं आहे ना काका?"

"हो. उद्या यादी येणार ना?"

"येणार. तुम्हाला कसली काळजी? तुमचं नाव असायचंच नाही. बाबा म्हणायचे, पट्टीची रेघ म्हणजे दगडावरची."

काकांना ते ऐकवेना. ते जागेवर गेले आणि टेबलाचा खण उघडून त्यात उगाच काहीतरी शोधत राहिले.

शुक्रवारी दुपारी दोनला सगळे पडद्यासमोर जमले. यादी त्रेसष्ट ड्रॉइंगांची निघाली. मुलगी एकेक नाव वाचायची आणि ज्याचं नाव निघेल त्याची सगळे मिळून टर उडवायचे. इंजिनियरची तर चौदा निघाली. एका जिन्याला त्याने दोन्ही टोकांना वेगवेगळी उंची लिहिली होती, त्यावर तो कानाला हात लावून उभा राहिला. काकांना हसायला कुठे येतंय. ते खुर्चीच्या कडेवर बसून प्रत्येक नाव ऐकत होते. चाळीस झाली. पन्नास झाली. त्यांनी मनातल्या मनात वाक्य तयार ठेवलं होतं, हो मॅडम, ते माझंच आहे, मला सगळं सांगायचंय.

"त्रेसष्ट. संपली," मुलगी म्हणाली.

"बघा," मॅडम म्हणाल्या. "काकांचं एकही नाही. शिका जरा."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काका उठले. टेबलाला धरून मुलीपर्यंत गेले.

"वाचनालयाचं ड्रॉइंग आलंय का यात? की राहिलं?"

"सगळी आलीत काका. थांबा, दाखवते." तिने शोधून काढलं. पडद्यावर गॅलरी उभी राहिली, कठड्यासकट, नीटस. "हे बघा. अठराशे."

"रेघ मोजा."

तिने रेघेवर टिचकी मारली. "अठराशे. बरोबर आहे की."

"कसं असेल?" काका पडद्यावर वाकले. "ती पंधराशे होती. मी स्वतः... परवाच मी बघितलीय."

मुलीने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग तिने कुठलीशी खिडकी उघडली, दोन ओळी वाचल्या आणि तिचा चेहरा उजळला. "हां! अहो, यानेच सुधारलीय. इथे आकडा मालक आहे ना. रेघ आकड्याचं ऐकते. जिथे रेघ ओढून काही मोडत नाही, तिथे हा गुपचूप ओढून मोकळा होतो. जिथे अडतं तिथलंच फक्त विचारतो. ती ही त्रेसष्ट. तुमचं कुठे अडलं नाही. स्वच्छ आहे ड्रॉइंग."

"आणि सळ्या?"

"सळ्यांचं कोष्टक नुसतं टाइप केलेलं दिसतंय. त्याला कशाला हात लावेल तो?" ती पुढच्या कामाला लागली.

काका पडद्यासमोर उभे राहिले. कठडा अठराशेवर, कपाटं नीट मावलेली, खाली त्यांचं नाव. जगातलं कुठलंही डोकं हे ड्रॉइंग बघून म्हणालं असतं की ठीक आहे. आता इथे काही सापडणार नव्हतं, आज नाही आणि ते मेल्यावरही नाही. आधी त्यांचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, खोटं कशाला सांगा, पाय मोकळे झाल्यासारखे वाटले आणि चहा प्यावासा वाटला. ते जागेवर येऊन बसले. कुणीतरी चहा आणून ठेवला. पहिला घोट घेतला आणि मग ते हळूहळू अंगावर यायला लागलं. इथे रेघ सरकली होती. तिथली सळी एक सूतभरही सरकली नव्हती. आणि ही गोष्ट जगात आता एकाच माणसाला ठाऊक होती. यादी बोलणार नव्हती. कुणी काही विचारणारच नव्हतं.

उद्या शनिवार, उद्या सकाळी जाऊन लेकीला काहीतरी सांगू, असं ते स्वतःला म्हणत होते, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळत होतं की हे असंच एक उद्या सोळा वर्षांपूर्वी म्हटलं होतं. त्यांनी फोन काढला.

लेकीने लगेच उचलला. मागे धपधप आवाज येत होता.

"बोला बाबा. पटकन बोला हं, गडबड आहे. माणसं आजच आली, उद्या त्यांना जमत नाही म्हणे. निम्मे गठ्ठे चढले सुद्धा."

"तू कुठे आहेस?"

"वरच. मोजून घेतेय."

काका फोन कानाशी धरून खुर्चीतून उठले.

"बाबा? हॅलो?"

"खाली उतर," ते म्हणाले. "माणसांनाही उतरव. गठ्ठे तिथेच राहू दे, कुणी उचलायला जाऊ नका. आणि पळू नका, एकेक जण, भिंतीच्या कडेकडेने."

"अहो पण का? काय झालंय?"

ऑफिसात एव्हाना सगळे त्यांच्याकडे वळले होते. काकांचा आवाज कधी नाही इतका चढला होता. मॅडम टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कारण ती गॅलरी मी काढलीय," काका म्हणाले. "चुकीची काढलीय. चौदा वर्षं मला माहितीय. तू उतर आधी, बाळ."

पलीकडे लेक कुणाला तरी म्हणाली, "ठेवा ते. ठेवा म्हटलं ना. चला खाली." जिन्याच्या लोखंडी पायऱ्या वाजायला लागल्या, एकाची पावलं, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. एकोणीस पायऱ्या होत्या, त्याही त्यांनीच काढल्या होत्या. लेकीची पावलं सगळ्यात शेवटी आली, हलकी, सावकाश. काका फोन कानाशी घट्ट दाबून मोजत राहिले.

"काका, कोणती गॅलरी?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस.

मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि ते मॅडमकडे वळले.